सावनीचं लायसन

हुबळीच्या दाजीबानपेठेतल्या पतंग्यांच्या साडीच्या दुकानात सकाळी शटर वर जायचं, देवाला उदबत्ती फिरायची, आणि गादीवरचा लॅपटॉप उघडला की पडद्यावर सगळ्यात आधी एक नाव यायचं. इंग्रजीत. अंबूताईंची शाळा तिसरीत सुटलेली, इंग्रजीचा तर वाराही लागलेला नाही. पण थोरल्याला, विनायकला, त्यांनी एकदा विचारून घेतलं होतं. 'सावनी महेंद्रकर' असं लिहिलंय म्हणाला. त्या दिवसापासून ते नाव त्यांच्या डोळ्यांत कुसळासारखं सलत होतं.

सावनी म्हणजे त्यांचीच धाकटी सून, योगेशची बायको. पण लग्नात योगेशनं ताटातल्या तांदळांवर अंगठीनं 'भार्गवी' लिहिलं, भटजींनी मोठ्यानं वाचलं, मांडवानं ऐकलं, आणि तिथं सावनी संपली. महेंद्रकर तर त्याच्याही आधी, कन्यादानाचं पाणी सुटलं तेव्हाच संपले. थोरली सून कमल माहेरची अश्विनी. आता तिच्या आईनं फोनवर 'अश्विनी' म्हटलं तर तीच इकडंतिकडं बघते. रुखवतातली भांडी आली की अंबूताई पहिल्या आठवड्यात कासाराकडं पाठवायच्या. आधीचं नाव घासून काढायचं, 'पतंगे' कोरून आणायचं. माणसांचं झालं, भांड्यांचं झालं, आणि हा बोटभर जाडीचा डबा तेवढा रोज सकाळी लक्ष्मीच्या तोंडावर सुनेच्या बापाचं आडनाव फेकत होता.

लॅपटॉप बापानंच दिलेला. दत्तात्रेय सर, रायापूरला राहणारे, हायस्कुलात गणित शिकवत होते. मुलगी इंजिनिअरिंगला गेली तेव्हा त्यांनी घेऊन दिला. लग्नाची बोलणी झाली तेव्हा त्यांनी मानपानाचं काही काढलं नाही. एवढंच म्हणाले, "शेवटचं वर्ष राहतंय, तेवढं पुरं करू द्या."

अंबूताई चारचौघांत म्हणाल्या होत्या, "करू दे की, सर. आमच्याकडं काय पुस्तकं चुलीत घालतात? पदवी घेईल, आणि पतंग्यांची सून म्हणून घेईल. शब्द दिला."

शब्दाच्या त्या पक्क्या. सून रोज डबा बांधून धारवाडला कॉलेजात जात होती. कॉलेज सुटल्यावर तिथं रेंगाळायचं नाही, दिवेलागणीला घरात पाहिजे, एवढं एक बंधन. आणि पदवी पतंग्यांच्या नावानं यायची तर कॉलेजातही नाव पतंग्यांचंच पाहिजे, म्हणून लग्नानंतर विनायकला घेऊन त्या स्वतः कॉलेजात गेल्या होत्या आणि नाव बदलायचा अर्ज देऊन आल्या होत्या. सून बरोबर होती. सही तिची, बोलणं सगळं अंबूताईंचं.

श्रावणात दुकानातला जुना कॉम्प्युटर ऐन गर्दीत, बिलाच्या मध्येच मान टाकायला लागला. अंबूताई म्हणाल्या, "घरात एक धडका लॅपटॉप पडलाय की." लॅपटॉप दुकानात गेला, आणि दुकानातला तो धापा टाकणारा कॉम्प्युटर उणकलच्या घरी सुनेच्या खोलीत आला. रात्री विनायक लॅपटॉप घरी आणायचा, जेवणं उरकली की ती त्यावर आपलं काम करायची, सकाळी तो परत दुकानात.

दिवाळी तोंडावर आली. पाडव्याला पेठेत वहीपूजन. लाल कापडातल्या वह्या गेल्या, आता पूजा लॅपटॉपचीच. अंबूताईंनी श्रीहरीला बोलावलं. निम्म्या पेठेच्या बिलांचे कॉम्प्युटर तोच सांभाळायचा.

"याच्यावरचं नाव बदल," त्या म्हणाल्या. "दुकानाचं घाल."

श्रीहरीनं चारदोन बटणं दाबून बघितली. "नाव बदलून भागणार नाही, काकू. ही सिस्टीमच विद्यार्थ्याची आहे. कॉलेजनं दिलेली, लायसन वहिनींच्या नावावर. शिकण्यापुरतं चालतं. याच्यावर दुकानाची बिलं काढायची नसतात. उद्या कुणी बघितलं तर तुमच्याच डोक्याला ताप."

"मग काढ की."

"काढतो. दुकानाला दुसरी घालू. पण ही वाया कशाला घालवायची? घरच्या त्या जुन्या कॉम्प्युटरवर बसेल. एका वेळी एकाच मशिनवर चालते, म्हणून आधी इथून उतरवायची, मग तिथं चढवायची. वहिनींनी कॉलेजच्या खात्यानं आत शिरलं की झालं."

अंबूताईंना हे पटलं. एका घरातली वस्तू एका खोलीतून दुसऱ्या खोलीत. सुनेचं सुनेला, दुकानाचं दुकानाला.

संध्याकाळी त्यांनी घरात सांगितलं. सून भाजी चिरत होती, तिची विळी थांबली.

"आई, उद्याचा दिवस जाऊ द्या," ती म्हणाली. "मी कॉलेजात विचारून येते. नाव बदलल्यावर मला नवं खातं दिलंय. ही सिस्टीम जुन्या खात्यावर घेतलेली. आहे तिथं आहे म्हणून चाललंय. उतरवली आणि परत चढली नाही तर?"

"चढत नाही म्हणजे? तुझीच आहे न्हवं?"

"माझीच. पण..."

"या पेटीतली साडी त्या पेटीत ठेवायला कुणाला विचारायला जावं लागतं का गं? पाडव्याला लक्ष्मीपुढं परघरचं नाव मांडून मी पूजा करणार नाही. श्रीहरी उद्या सकाळी येतोय."

सुनेनं योगेशकडं बघितलं. योगेश म्हणाला, "आई म्हणते तर..." त्याची वाक्यं अशीच अर्धी असायची. उरलेलं अर्धं आईनं पुरं करायचं, हे लहानपणापासून ठरून गेलेलं.

"मी लॅपटॉप परत मागत नाहीये, आई," सून म्हणाली. "फक्त एक दिवस."

"आणि दिवस मागणं हे मागणं न्हवे तर काय?" अंबूताई म्हणाल्या. कमल तोंड फिरवून हसली, आणि विषय मिटला.

त्या रात्री सुनेनं आपलं सगळं काम एका पेन ड्राइव्हवर उतरवून घेतलं. सकाळी श्रीहरीनं लॅपटॉप धुऊनपुसून कोरा केला, दुकानाची सिस्टीम घातली, आणि पडद्यावर 'पतंगे सारीज' आलं. विनायकनं वाचून दाखवलं. अंबूताईंनी श्रीहरीला चहाबरोबर फराळातला चिवडा दिला, तोही दिवाळीच्या आधी, जो त्या देवालाही देत नसत.

संध्याकाळी सून जुन्या कॉम्प्युटरपुढं बसली. अंबूताई मुद्दाम तिच्या खोलीत कोथिंबीर निवडत बसल्या. कसं सोपं होतं ते त्यांना सुनेला दाखवून द्यायचं होतं. यंत्र घरघरलं, कुरकुरलं, बराच वेळ नुसतं गोल फिरत राहिलं. मग सुनेनं काहीतरी लिहिलं. मग परत लिहिलं. मग हात मांडीवर ठेवले.

"काय म्हणतंय?"

"म्हणतंय, हे लायसन सावनी महेंद्रकरचं आहे, आणि सावनी महेंद्रकरचं खातं बंद झालंय."

"मग भार्गवी म्हणून सांग त्याला."

"सांगितलं. भार्गवी पतंगेला कधी दिलेलंच नाही म्हणतंय."

"परत दाबून बघ."

सुनेनं परत दाबलं. यंत्रानं परत तेच सांगितलं. अंबूताईंना वाटलं, आता ही रडेल. रडली असती तर त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला असता, तेवढ्या त्या वाईट नव्हत्या. पण ती रडली नाही. पेन ड्राइव्ह काढून डबीत ठेवत म्हणाली, "माझा प्रोजेक्ट ज्या प्रोग्रामवर उघडतो, तो पण त्याच लायसनवर येतो. सुट्टी संपली की पहिल्या दिवशी चालवून दाखवायचाय. नाही दाखवला तर वर्ष गेलं."

"कॉलेजात आहेत की मशिनं."

"आहेत. वर्ग सुटल्यावर बसायला मिळतात. दिवेलागणीला मला घरात पाहिजे. आणि आता सुट्टीत तेही बंद."

अंबूताईंनी कोथिंबिरीच्या काड्या गोळा केल्या. हे बोलणं त्यांना लागलं, पण त्यात बोट ठेवायला कुठं जागा नव्हती, आणि तेच जास्त लागलं. "वर्ष जाऊ द्यायचं नाही," त्या म्हणाल्या. "मी शब्द दिलाय. उद्या मी येते तुझ्याबरोबर."

दुसऱ्या दिवशी काठाची साडी नेसून, नथ घालून त्या कॉलेजात गेल्या. सुट्टीच्या आधीचा शेवटचा दिवस. मुलं दिसत नव्हती, शिपाई बाकं एकावर एक रचत होते. कॉम्प्युटरच्या विभागात भाग्यलक्ष्मी मॅडम एकट्याच बसल्या होत्या. खाती उघडणं, लायसन देणं, सगळं त्यांच्या हातात.

"बर्री अज्जी, कुंदर्री," त्यांनी खुर्ची पुढं केली. "उन्हाळ्यात आला होता न्हवं तुम्ही? काय गं सावनी?"

"भार्गवी," अंबूताई म्हणाल्या.

पुढचं बोलणं कानडीतच झालं. अंबूताईंची कानडी त्यांच्या मराठीपेक्षा धारदार. पेठेत आयुष्य गेलेलं. मॅडमनी सुनेकडून सगळं ऐकून घेतलं, स्वतःच्या कॉम्प्युटरवर बघितलं, आणि मान हलवली.

"लायसन सावनी महेंद्रकरला दिलेलं. तिनं ते एका लॅपटॉपवर घातलं. दुसऱ्या मशिनवर न्यायचं असेल तर तिनंच येऊन, तिच्याच खात्यानं न्यायचं. ते खातं आम्ही बंद केलंय."

"ही काय, ती तुमच्यासमोर उभी आहे."

"मला दिसतेय, अज्जी. मशिनला नाही दिसत. सावनी नाही, सगळीकडून काढून टाका, असं तुम्हीच सांगितलं होतं. आम्ही काढलं."

"मग भार्गवीला नवं द्या."

"प्रवेश घेताना पहिल्या वर्षी देतो. एका विद्यार्थ्याला एक. भार्गवी पतंगे आमच्याकडं पहिल्या वर्षी कुठं होती? ती एकदम शेवटच्या वर्षातच आली." मॅडमनी चष्मा काढला. "मी तेव्हाच म्हटलं होतं, शेवटच्या वर्षात नाव हलवू नका, एवढं वर्ष जाऊ द्या. ही इथंच खाली बघत उभी होती. तुम्ही म्हणालात, घरचं आम्ही बघतो."

म्हणाल्या होत्याच, अंबूताईंना आठवलं. आणि मग विनायकला म्हणाल्या होत्या, नोकरदार बायकांना घर काय कळतं.

"विकत किती पडतं ते सांगा. घेऊन टाकू."

"साधी सिस्टीम पेठेत मिळेल. हिचा प्रोजेक्ट ज्याच्यावर चालतो ते सामान सुट्यात कुणी विकत नाही. कंपन्या घेतात, नाहीतर विद्यार्थ्याला मिळतं."

"असा काय सोन्याचा प्रोजेक्ट आहे?"

मॅडमनी आधी सुनेकडं बघितलं, मग अंबूताईंकडं. "तुम्हाला ठाऊक नाही? साडीचा फोटो दाखवला की विणीत धागा कुठं सुटलाय, पदराचा जोड कुठं चुकलाय, ते ओळखून दाखवतं. इलकल साड्यांवर केलंय तिनं. फोटो तुमच्याच दुकानातले आहेत. मला वाटलं तुम्हीच काढू दिलेत."

अंबूताईंचा उजवा अंगठा आपोआप तर्जनीवर घासला गेला. पदर अंगठ्याखालून सोडायचा आणि चुकलेला धागा सापडला की साडी बाजूला टाकायची, हे काम त्या आयुष्यभर करत आल्या होत्या. इलकलचे विणकर त्यांच्या अंगठ्याला भ्यायचे. आणि घरातली मुलगी महिनोन्महिने तेच यंत्राला शिकवत होती. एकदा येऊन शेजारी बसली असती तर त्यांनी दोनशे चुका सांगितल्या असत्या.

"मला बोलली नाहीस," त्या मराठीत म्हणाल्या.

"तुम्ही विचारलं नाहीत, आई."

मॅडमनी कोरा कागद पुढं सरकवला. "एक वाट आहे. प्रवेशाच्या वेळचं नाव होतं तसं ठेवा, असा अर्ज द्यायचा. जुनं खातं मी आत्ता उघडते, लायसन मोकळं करते, घरी जाऊन खुशाल घाला. पण आज. उद्यापासून सुट्टी, आणि सुट्टीत परीक्षेची नावं विद्यापीठाकडं जातात. तिकडं गेलं की माझ्या हातात काही नाही."

"आणि पदवी?"

"ज्या नावाचं खातं, त्याच नावाची पदवी."

अंबूताई कागदाकडं बघत बसल्या. पदवी घेईल, आणि पतंग्यांची सून म्हणून घेईल. दोन्ही त्या एका दमात बोलल्या होत्या, आणि आता त्यातलं एक गिळायचं होतं. त्यांना दिवाणखान्यातली भिंत दिसली, तिच्यावर चौकटीतली पदवी, आणि पदवीवर महेंद्रकर. पेढे घेऊन आलेले दत्तात्रेय सर दिसले. ते काही बोलणार नाहीत, गरीब माणूस. नुसतं वर बघतील, वाचतील आणि पेढा पुढं करतील. पेठेतल्या बायका तर वाचायलाही थांबणार नाहीत.

"नको," त्या उठल्या. "आम्ही काढू दुसरी वाट."

"तू काय म्हणतेस गं?" मॅडमनी सुनेला विचारलं.

"ती काय म्हणणार? घरी विचार करून कळवू."

सुनेनं पिशवी खांद्याला लावली आणि सासूला पायरीवर हात दिला.

धारवाड-हुबळी चिगरी बसमध्ये दोघींना शेजारी जागा मिळाली. एसीची गार हवा होती, काचेबाहेर धारवाड मागं पडत होतं. अंबूताई बोलत राहिल्या. योगेशला सांगून दुसरा लॅपटॉप बघू. श्रीहरीच्या ओळखीचा कुणी असेल. विनायक आमदाराच्या पीएला ओळखतो, तो कॉलेजला फोन करेल. दुकानात गिऱ्हाईक उठायला लागलं की अशाच त्या थानावर थान उलगडत राहायच्या.

मध्येच सुनेनं विचारलं, "आई, तुमचं माहेरचं नाव काय होतं?"

"कशाला पाहिजे तुला?"

"असंच."

"विमला." बऱ्याच वर्षांत हे नाव त्यांच्या तोंडातून निघालं नव्हतं, उच्चारताना जीभ जरा अडखळली. "निपाणीला होती. मेली ती. सुतक कुणी धरलं नाही. मीपण नाही." मग सुनेकडं वळून म्हणाल्या, "काही बिघडलं का माझं? दुकान उभं केलं, दोन पोरं वाढवली. नावानं काय पोट भरतं?"

"मग राहू दे की माझं पण," सून म्हणाली. "नावानं काय होतंय."

अंबूताई काचेबाहेर बघायला लागल्या. 

रायापूरला बस थांबली. बसचं स्टेशन रस्त्याच्या मधोमध, एका बाजूच्या दारातून हुबळीच्या गाड्या, समोरच्या दारातून धारवाडच्या. सून उठली.

"बापाकडं जाऊन रडणार काय?"

"नाही. समोरून धारवाडची गाडी मिळते. मॅडम अजून असतील."

"मी नको म्हटलंय."

"हो. ऐकलं मी," सून म्हणाली, आणि उतरली.

अंबूताईंनी पुढच्या सीटची दांडी धरली. उठता आलं असतं. गुडघे दुखतात खरे, पण एवढेही नाहीत. उठून तिच्यामागं उतरायचं, स्टेशनात लोकांसमोर तिला दंडाला धरून ओढायचं, आणि ती नाही आली तर? दार सरकत मिटलं. काचेतून त्यांना सून दिसली. समोरच्या दाराशी, त्यांच्याकडं पाठ करून, धारवाडच्या गाडीची वाट बघत उभी.

उणकलच्या घरी कमल चकल्या तळत होती. "भार्गवी कुठंय?"

"कागद विसरलाय कसला तरी. आणायला गेलीय." अंबूताईंनी नथ उतरवली, साडी बदलली आणि सोऱ्या हातात घेतला. त्या दुपारी त्यांच्या चकलीचा एकही वेढा नीट पडला नाही. कमलनं ते बघितलं, आणि तुटलेल्या चकल्या वेगळ्या डब्यात टाकल्या.

दिवेलागणीच्या आधी सून आली. हातपाय धुतले, देवाला नमस्कार केला, खोलीत गेली. जुना कॉम्प्युटर घरघरला. या वेळी तो जास्त वेळ अडला नाही. थोड्या वेळानं योगेश दिवाणखान्यात आला. विनायक नुकताच दुकानातून चहाला येऊन बसला होता.

"चालू झालं तिचं," योगेश म्हणाला. "प्रोजेक्ट पण उघडला. पण तिनं कॉलेजात नाव परत..." आणि आईकडं बघून गप्प बसला.

"परत काय?" विनायक म्हणाला.

उरलेलं अर्धं आज अंबूताईंनी पुरं केलं नाही. योगेशच्या बायकोनंच दारात येऊन केलं. "मी पहिलं नाव परत लावून घेतलं, अण्णा. पदवी त्याच नावानं येईल."

विनायक ताडकन उठला. "कुणाला विचारून? आई स्वतः जाऊन बदलून आली होती ते. आई, तुला ठाऊक होतं हे?"

सगळे अंबूताईंकडं बघत होते. कमल झारा तसाच धरून स्वयंपाकघराच्या दारात आलेली. अंबूताईंनी एका क्षणात हिशेब केला, पेठेतल्या बाईला साजेसा. सुनेनं आपला शब्द मोडला, हे एकदा घरानं बघितलं की उद्या कमल मोडेल, परवा विनायक. आणि मुलीवर आता विनायक तुटून पडणार, तेही त्यांना नको होतं. खरंच नको होतं. दोन्हींवर एकच औषध होतं.

"मीच पाठवलं," त्या शांतपणे म्हणाल्या. "रायापुरातून मीच तिला परत धाडलं. सरांना शब्द दिला होता मी, पोरीचं वर्ष बुडायला नको. बस खाली."

विनायक गोंधळला. बसला. आई म्हणते म्हटल्यावर राग ठेवायला जागाच उरली नाही. योगेशच्या तोंडावर तर लग्नात होतं तसं हसू आलं. अंबूताईंनी सुनेकडं बघितलं. आयुष्यात त्यांनी कुणासाठी एवढं खाली वाकून काही उचललं नव्हतं. हिनं नुसती मान खाली घालायची होती, की झालं असतं. घर राहिलं असतं, नाव राहिलं असतं, पुढंमागं दोघी साडीचा पदर मांडीवर घेऊन यंत्राला चुका शिकवत बसल्याही असत्या.

"नाही, अण्णा," सून म्हणाली. आवाज चढवला नाही. "आईंनी नको म्हटलं होतं. मी गेले."

आणि ती आत जाऊन कॉम्प्युटरपुढं बसली.

कढईतलं तेल तापून धुरायला लागलं तेव्हा कमल धावली. विनायकनं टीव्ही लावला, कुणी बघितला नाही. अंबूताई होत्या तिथंच बसून राहिल्या. गिऱ्हाइकानं साडी अंगावर टाकून बघावी, आरशात वळून बघावी, आणि घडीही न मोडता परत गादीवर ठेवावी, तसं त्यांना त्यांचं खोटं परत मिळालं होतं. नातेवाइकांत, बाजारात, भाऊबंदकीत त्यांना उलटून बोललेले पुष्कळ होते. त्या सगळ्यांना त्या पुरून उरल्या होत्या. पण ही उलटून बोलली नव्हती. जे झालं तेवढं तिनं सांगितलं होतं, आणि त्याला पुरून उरायचं कसं ते अंबूताईंना कुणी शिकवलं नव्हतं.

पाडव्याला पूजा झाली. 'पतंगे सारीज'वर हळदकुंकू पडलं, पेढे वाटले गेले. सुनेनं वाकून नमस्कार केला, अंबूताईंनी अखंड सौभाग्याचा आशीर्वाद दिला. घरात आरडाओरडा झाला नाही, अबोला झाला नाही. योगेश तिला खोलीत सावनी म्हणायला लागला. पहिल्यांदा हळू, मग दार उघडं असलं तरी. 

एका रात्री पानं मांडून झाली. खोलीतून यंत्राची घरघर येत होती.

"बोलाव तिला जेवायला," अंबूताई कमलला म्हणाल्या.

कमल भाताचं पातेलं खाली ठेवून उभी राहिली. तिचा चेहरा नेहमीसारखाच होता, गरीब, घामानं ओला. "काय म्हणून हाक मारू, आई?" तिनं विचारलं.

अंबूताईंनी आपलं पान पुढं ओढलं. मीठ डावीकडं होतं ते उगाच जरा सरकवलं. मग पाण्याचा तांब्या उचलला, पानाभोवती पाणी फिरवलं आणि कुणाची वाट न बघता पहिला घास घेतला.